भोजचे शिवराम, सगळ्यांचे शि. द.

निपाणी परिसरात भोज नावाचे गाव आहे. तंबाखू आणि उसाचा मुलूख. दूधगंगा-वेदगंगेच्या पाण्यावर पोसलेला. जैन बांधवांना हे गाव आचार्य शांतिसागर महाराजांमुळे ठाऊक असते. पण आपल्यापैकी किती जणांना हे माहीत आहे की, मराठी घराघरांत पन्नास-साठ वर्षे ज्यांच्या चित्रांनी दिवाळी साजरी झाली, ते शि. द. फडणीस याच भोजचे? शिवराम दत्तात्रेय फडणीस यांचा जन्म २९ जुलै १९२५ चा. २९ जुलै २०२५ रोजी त्यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. त्या निमित्ताने पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत त्यांच्यावर भरभरून लिहून आले. 'मूळचे बेळगाव जिल्ह्यातले' असा अर्ध्या ओळीचा उल्लेख त्यांत कुठे कुठे होता. ती अर्धी ओळ जरा लांबवावी, म्हणून हा लेख.

फडणीस जन्मले तेव्हा भोज मुंबई इलाख्यात होते. १९५६ साली ते म्हैसूर राज्यात गेले, १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. तालुका चिकोडी होता, तो अलीकडे निपाणी झाला. गाव होते तिथेच राहिले, पत्ता तेवढा बदलत गेला. या बदलत्या पत्त्याने आपल्या भागातल्या माणसांना काय काय भोगायला लावले, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. पण या गावात जन्मलेल्या एका माणसाने पुढे जी चित्रे काढली, त्यांना पत्ताच लागला नाही. कारण त्या चित्रांना भाषाच नव्हती.

मी ३१ वर्षे सीमाभागातल्या एका मराठी शाळेत चित्रकला शिकवली. त्यामुळे फडणीसांकडे मी चाहता म्हणून जसे पाहिले, तसेच मास्तर म्हणूनही पाहिले. त्यांच्या चित्रांनी माझे कितीतरी तास निभावून नेले आहेत!

कोल्हापूरची शाळा, मुंबईचे जे. जे.

फडणीसांचे शालेय शिक्षण कोल्हापुरात झाले. ते कोल्हापूर म्हणजे कलापूरच. आबालाल रहिमान यांचे नाव तिथल्या चित्रकारांच्या तोंडी असे, बाबूराव पेंटर यांच्यासारखा माणूस चित्रही काढत होता आणि चित्रपटही. पोस्टर, पडदे, नाटकाची नेपथ्ये रंगवणारे कारागीर गल्लोगल्ली. चित्र हा पोटापाण्याचा धंदा होऊ शकतो, हे अशा गावातल्या पोराला कुणी वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पुढे ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि तिथून कमर्शिअल आर्टची पदविका घेऊन बाहेर पडले. ही गोष्ट महत्त्वाची आहे. कमर्शिअल आर्ट म्हणजे आजच्या भाषेत उपयोजित कला. जाहिरात, वेष्टन, पोस्टर, मुखपृष्ठ यांची विद्या. इथे पहिला धडा असतो तो असा की, रस्त्याने जाणारा माणूस तुमच्या चित्राला दोन क्षण देणार आहे. त्या दोन क्षणांत त्याला सगळे कळले पाहिजे. फडणीसांच्या चित्रात एकही रेष फुकट का नसते, रंग एवढे स्वच्छ आणि सपाट का असतात, मागची भिंत रिकामी का सोडलेली असते, याचे उत्तर या शिक्षणात आहे. विनोद उपजत असेल, पण तो मांडण्याची शिस्त कमावलेली होती.

मासिकांचा काळ

त्यांची व्यंगचित्रे छापून येऊ लागली ती १९४० च्या दशकाच्या मध्यावर, 'मनोहर' मासिकात. तेव्हा त्यांचे वय विशीच्या आसपास. 'मनोहर' हे किर्लोस्करवाडीचे, 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री' या मासिकांचे भावंड. या किर्लोस्करांचा आरंभ बेळगावचा, हे आपल्याला किर्लोस्कर रोडवरून जाताना आठवायला हरकत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले आणि १९१० साली बिऱ्हाड वाडीला हलवले. त्यांचे पुतणे शंकरराव या मासिकांचे संपादक. ते स्वतः चित्रकार होते, व्यंगचित्रे काढत. संपादकालाच ब्रश धरता येत असेल, तर नव्या चित्रकाराची कदर होते. मराठी मासिकांत व्यंगचित्राला मानाची जागा मिळाली, त्यात शंकररावांचा वाटा मोठा.

दुसरे संपादक अनंत अंतरकर. 'हंस', 'मोहिनी' आणि 'नवल' ही त्यांची तीन मासिके. १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी फडणीसांकडून 'हंस' आणि 'मोहिनी'ची मुखपृष्ठे करून घेतली. आज हे साधे वाटते. पण तेव्हाच्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आठवून पाहा. मडगावचे दीनानाथ दलाल आणि गोव्याचेच रघुवीर मुळगावकर यांच्या कुंचल्यातून उतरलेल्या देखण्या ललना, हातात पणती, केसांत गजरा. लोक ती चित्रे चौकटीत घालून भिंतीवर लावत. अशा बाजारात मुखपृष्ठावर हास्यचित्र छापायचे, तेही रंगीत, हे धाडसच. त्या काळी रंगीत छपाईसाठी प्रत्येक रंगाचा वेगळा ब्लॉक करावा लागे. खर्च मोठा. सबंध वर्षाचा धंदा त्या एका अंकावर. अंक पडला तर संपादक बुडाला! अंतरकरांनी ते धाडस केले आणि मराठी वाचकाने ते उचलून धरले.

उंदीर आणि मांजर

'मोहिनी'चे १९५२ चे ते गाजलेले मुखपृष्ठ अनेकांनी पाहिले असेल. एक तरुण आणि एक तरुणी शेजारी-शेजारी उभे आहेत. तिच्या साडीवर उंदरांची नक्षी आहे, त्याच्या शर्टावर मांजरांची. बस्स, एवढेच चित्र. खाली ओळ नाही, संवाद नाही, 'तो' आणि 'ती' असे काही लिहिलेले नाही. माणसे दोन, अनोळखी. पण कपड्यांची ओळख फार जुनी!

हे चित्र मी दरवर्षी आठवीच्या वर्गात फळ्यावर लावत असे. पहिला प्रश्न, "काय दिसतंय?" पोरे सांगत, बाई आहे, माणूस आहे. दुसरा प्रश्न मी विचारतच नसे. गप्प उभा राहायचो. अर्धा-एक मिनिट वर्ग शांत. मग कुठल्या तरी कोपऱ्यात एक पोरगे खुदकन हसायचे. त्याच्या शेजारचा त्याला कोपराने ढोसायचा, "काय रे, काय?" तो सांगायचा नाही, नुसता बोट दाखवायचा. मग हसू बाकावरून बाकावर पसरत जायचे. सगळ्यांना कळले की मी विचारायचो, "आता सांगा, यातली कुठली रेष पुसली तर चित्र मरेल?" तो खरा चित्रकलेचा तास. साडीवरची नक्षी पुसली तर राहते काय? एक बाई आणि एक बुवा. मग शोभेची म्हणून आपण जी नक्षी समजतो, तीच इथे गोष्ट सांगते आहे. हे त्या वयाच्या मुलाला पुस्तकी शब्दांत सांगून कळत नाही, हसल्यावर कळते.

आमच्या आवारातच कन्नड माध्यमाची शाळा भरत असे. एका वर्षी तिथले चित्रकलेचे शिक्षक रजेवर होते म्हणून त्यांचा वर्ग माझ्याकडे आला. माझे कन्नड बाजारापुरते. वांग्याचा भाव करण्याइतके. तास कसा घ्यावा कळेना, म्हणून मी तेच चित्र लावले आणि गप्प उभा राहिलो. पहिल्या बाकावरची एक मुलगी पुटपुटली, "इलि..." मागून दुसरी ओरडली, "बेक्कु!" उंदीर आणि मांजर. आणि वर्ग हसला. अगदी तसाच, कोपऱ्यातून सुरू होऊन बाकाबाकाने. त्या तासाला मी पाच-सात वाक्यांपलीकडे बोललो नसेन.

फडणीसांच्या बहुतेक चित्रांना शब्द नाहीत, हे आपण नुसते कौतुक म्हणून म्हणतो. पण शब्द काढून टाकणे म्हणजे काय, याचा विचार चित्र काढणाऱ्यानेच करावा. व्यंगचित्राखाली दोन ओळी असल्या की पुष्कळ भार त्या ओळी उचलतात. चित्र ढिले असले तरी चालून जाते. ओळ काढली की सगळे ओझे रेषेवर. माणूस कुठे बघतो आहे, हात किती उचलला आहे, छत्री कुठल्या अंगाला आहे, यांत गुंजभर चूक झाली तरी विनोद फसतो. शब्दांवाचून हसवणे हा विनोदातला सगळ्यात अवघड प्रकार आहे.

हास्यचित्र की व्यंगचित्र?

आपण सरसकट 'व्यंगचित्र' म्हणतो. पण त्यात व्यंग दाखवणे आले, म्हणजे कुणाचे तरी उणे काढणे आले. फडणीसांच्या कामाला 'हास्यचित्र' हा शब्द जास्त शोभतो. त्यांची माणसे गोलसर, भाबडी, आपल्याच नादात असणारी. नवरा-बायको, गवई, शेजारी-पाजारी. त्यांच्यावर आपण हसतो, पण त्यांना कमी लेखत नाही. चित्रातल्या माणसाने स्वतः ते चित्र पाहिले तर तोही हसेल, असे ते हसू.

इथे माझ्या एका जुन्या स्नेह्याची तक्रार सांगायला हवी. ते सीमालढ्यातले कार्यकर्ते, सत्याग्रहात तुरुंग पाहिलेले. एकदा चहा पिता पिता मला म्हणाले, "काय ओ सर, आपल्या मातीतला एवढा मोठा चित्रकार. पण आपल्या लढ्यात त्याची रेष का नाही चालली? तिकडे बाळासाहेबांनी १९६० साली 'मार्मिक' काढलं, ब्रशानं मैदान मारलं. आणि आपला भोजचा माणूस उंदीर-मांजर काढत बसला!"

तक्रार मनापासूनची होती. ज्याने लाठी खाल्ली आहे, त्याला असे वाटणे मी समजू शकतो. राजकीय व्यंगचित्र हे मोठे हत्यार आहे आणि ते चालवणारे मोठे लोक आपल्याकडे झाले. आर. के. लक्ष्मण यांनी १९५१ पासून 'टाइम्स'मध्ये रोजच्या रोज सामान्य माणूस उभा केला. ते काम अफाट आहे. पण त्या कामाचा स्वभाव वेगळा. सकाळी बातमी, दुपारी चित्र, दुसऱ्या दिवशी लोक बघून हसणार किंवा चिडणार. त्यातला मंत्री गेला, तो प्रश्न विरला, की पुढच्या पिढीला चित्राखाली तळटीप द्यावी लागते. मासिकाचा चित्रकार दुसऱ्या जातीचा. त्याचे चित्र महिनाभर घरात राहते. दिवाळी अंकाचे तर वर्षभर. पाहुणे बघतात, शेजारचे मागून नेतात, आजारी माणूस उशाशी घेतो. एका नजरेत संपणारे चित्र तिथे उपयोगाचे नाही. दहाव्यांदा पाहिले तरी हसू यायला हवे.

मी त्या स्नेह्यांना त्या कन्नड वर्गाची हकिकत सांगितली. म्हटले, "तुमच्या मोर्च्यात ती मुलगी आली नसती. या चित्रापाशी आली." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ते खरं. पण मोर्चापण लागतो ओ सर." मी म्हटले, लागतो. आमचा वाद तिथेच राहिला आणि अजून तो मिटला आहे असे मला वाटत नाही. मिटावा असेही वाटत नाही. दोन्ही कामे लागतात. फक्त एकाने दुसऱ्याला रिकामटेकडा म्हणू नये.

गणिताच्या पुस्तकातला दंगा

महाराष्ट्रातल्या एका सबंध पिढीला फडणीस दिवाळी अंकांच्याही आधी भेटले, ते गणिताच्या पुस्तकात. बालभारतीच्या प्राथमिक वर्गांच्या गणिताच्या पुस्तकांसाठी त्यांनी चित्रे काढली. गणित म्हटले की पोटात गोळा येणाऱ्या पोरांच्या हातात हसरे पुस्तक आले. बेरीज-वजाबाकी करता करता पोरे खुदुखुदू हसू लागली.

आपल्याकडच्या मुलांना मात्र हे पुस्तक शाळेत मिळाले नाही. आपल्या मराठी शाळांना पुस्तके कर्नाटक सरकारची. माझी बहीण गडहिंग्लजला दिलेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचे यायचे, तेव्हा त्यांच्या दप्तरात ते पुस्तक असायचे आणि माझी मुले त्याच्यावर तुटून पडायची. सुट्टीत गणिताच्या पुस्तकासाठी भांडणे झालेली मी दुसऱ्या कुठल्या घरात ऐकलेली नाहीत! नंतर भाचे वरच्या वर्गात गेले की बहीण जुनी पुस्तके आमच्याकडे पाठवून द्यायची. जन्मभूमीच्या मुलांपर्यंत फडणीसांचे गणित असे मामाच्या घरच्या वाटेने पोचले.

चित्रकलेचा शिक्षक म्हणून मला या कामाचे मोल मुखपृष्ठांइतकेच वाटते. नावाजलेला कलावंत शाळेच्या पुस्तकासाठी बसतो, तेव्हा बहुधा हात राखून काम करतो. इथे तसे झाले नाही. सातवीतल्या मुलाला भूमितीची भीती वाटत असेल, तर त्याच्या पहिलीच्या पुस्तकात कुणी हसवणारे नव्हते, असे मी गमतीने सहकाऱ्यांना म्हणत असे.

पानावरून भिंतीवर

मासिकातले चित्र वाचून झाले की रद्दीत जाते. फडणीसांनी ते भिंतीवर नेले. १९६५ साली मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत 'हसरी गॅलरी' हे त्यांच्या हास्यचित्रांचे प्रदर्शन झाले. जिथे लोक हाताची घडी घालून, गंभीर चेहऱ्याने चित्रांपुढे उभे राहतात, तिथे मोठमोठ्याने हसण्याचा आवाज येऊ लागला. पुढे अनेक गावांत ही गॅलरी गेली. 'चित्रहास' या कार्यक्रमातून त्यांनी लोकांसमोर चित्रे दाखवत हास्यचित्राची भाषा उलगडून सांगितली. 'हसरी गॅलरी', 'मिस्कील गॅलरी' अशी पुस्तके आली, 'रेषाटन' हे आत्मकथन आले. पु. ल. देशपांडे म्हणजे आपल्या बेळगावच्या रावसाहेबांना अजरामर करणारे लेखक. त्यांच्या 'अपूर्वाई'त फडणीसांची रेखाटने आहेत. शब्दांचा राजा आणि शब्दांवाचून बोलणारा, दोघे एकाच पुस्तकात!

त्यांच्या पत्नी शकुंतला फडणीस स्वतः लेखिका. एका घरात एक जण शब्दांनी लिहितो, दुसरा शब्द गाळून. संसाराचे असे चित्र फडणीसांनाच सुचले असते.

आपल्या कोल्हापूरकडचेच वसंत सरवटे १९२७ साली जन्मले आणि २०१६ मध्ये गेले. सिमेंट कंपनीतली अभियंत्याची नोकरी सांभाळून त्यांनी व्यंगचित्रात आयुष्य घालवले. दलाल १९७१ मध्येच गेले, पंचावन्नाव्या वर्षी. मारिओ मिरांडा २०११ मध्ये गेले. हे सगळे एका काळातले, आपल्या पट्ट्याच्या आसपासचे. फडणीसांनी त्यांच्यापेक्षा लांबचा पल्ला गाठला. ब्लॉकची छपाई त्यांनी पाहिली, ऑफसेट पाहिली, संगणक पाहिला. ज्या मासिकांनी त्यांना मोठे केले, त्यांतली बरीच त्यांच्या डोळ्यांदेखत बंद पडली. 'मनोहर' गेले, 'स्त्री', 'किर्लोस्कर' गेली. चित्रे मात्र जुनी झाली नाहीत, कारण त्यांत जुनी होण्यासारखी गोष्टच थोडी होती. साडीचे काठ बदलतील, शर्टाची कॉलर बदलेल, पण उंदीर आणि मांजर यांचे नाते कुठल्या सालात जुने होणार?

आपल्या हातात काय आहे?

१९०९ साली का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पडलेल्या मराठी माणसांसाठी दिवाळी अंक म्हणजे वर्षातून एकदा येणारे माहेर. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे. हैदराबादला मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे इथल्या मराठी घरांत माळ्यावर जुने अंक बांधून ठेवलेले असतात. पुढची पिढी मराठी वाचायला कंटाळते, म्हणून हे गठ्ठे रद्दीत चालले आहेत. आमच्या शाळेत तर मी निवृत्त झाल्यावर चित्रकलेच्या शिक्षकाची जागाच भरली गेली नाही. तो तास आता गणिताला दिला आहे, असे ऐकतो.

वाचकांना एक विनंती. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी माळ्यावरचे गठ्ठे एकदा सोडा. 'मोहिनी'चे, 'हंस'चे जुने दिवाळी अंक सापडले तर निदान मुखपृष्ठे तरी सांभाळून ठेवा, नाहीतर जवळच्या वाचनालयाला द्या. आणि घरात मराठी न वाचणारे नातवंड असेल, तर त्याच्यापुढे ते मुखपृष्ठ ठेवा. काही सांगू नका. "यात गंमत काय आहे, बघ हं," एवढेही नको. शेजारी बसा आणि वाट पाहा. अर्धा-एक मिनिट लागेल. मग ते हसेल आणि पान उलटून आत काय आहे ते बघेल. आतले मात्र तुम्हाला वाचून दाखवावे लागेल. तेवढी तयारी ठेवा.